कास आणि तासगाव: मॅक्रोसाठी ऑटो एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी का?

मॅक्रो लेन्सचं बजेट नाही, पण फुलं-किडे जवळून टिपायचे आहेत, असं म्हटलं की दुकानदारापासून यूट्यूबवाल्यापर्यंत सगळे एकच सांगतात: ट्यूबचा संच घे आणि ५० एमएमवर लाव. हा सल्ला तासगावच्या द्राक्षबागेतल्या माणसाला अगदी बरोबर लागू पडतो. कासच्या पठारावर जाणाऱ्याला मात्र तो गोत्यात आणतो. ट्यूब तीच, कॅमेरा तोच, फरक लेन्सचा आणि जागेचा. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन ट्यूबच्या त्या संचाचं आहे, जो केन्कोपासून बिननावाच्या खोक्यापर्यंत अनेक रूपांत मिळतो. काही कंपन्यांच्या संचात आकडे थोडे वेगळे असतात, हिशोब तोच राहतो.

ट्यूबमध्ये काच नसते. ती पोकळ नळी, लेन्सला सेन्सरपासून लांब नेणारी. लेन्स सेन्सरपासून जितकी दूर, तितकं जवळचं फोकस आणि तितकी प्रतिमा मोठी. बाजारात दोन प्रकार मिळतात. तीन-पाचशे रुपयांची बिनसंपर्काची, आणि साधारण दोन ते चार हजारांची ऑटो, म्हणजे सोनेरी पिना असलेली. पहिली घेऊच नका. आजच्या बहुतेक लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंग, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी पाती फिरवणारी कडी, नसते. पिना नसल्या की अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. कॅननवर एक जुगाड आहे. लेन्स थेट बॉडीवर असताना एफ ८ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स काढायची. पाती एफ ८ वर अडकून राहतात. चालतं, पण मग व्ह्यूफाइंडर इतका अंधारतो की ढगाळ दिवशी फोकस दिसत नाही. निकॉनच्या जी लेन्सवर तर पाती पूर्ण मिटलेली राहतात, मागची दांडी कागदाची घडी खुपसून उघडी ठेवावी लागते. थोडे पैसे वाचवून असल्या उचापती करण्यात अर्थ नाही.

आता हिशोब. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ, अधिक लेन्सचं स्वतःचं कमाल मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट. उत्तर अंदाजे असतं, पण निर्णयाला पुरतं. कॅनन ५० एमएम एफ १.८ एसटीएमचं स्वतःचं मॅग्निफिकेशन ०.२१. त्यावर १२ ची ट्यूब लावली तर ०.४५, २० ची लावली तर ०.६१, ३६ ची लावली तर ०.९३, आणि तिन्ही मिळून ६८ लावल्या तर दीडच्या वर. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एसटीएम ५५ वर ठेवून ३६ ची ट्यूब लावा, एकास एकच्या, म्हणजे खऱ्या आकाराच्या प्रतिमेच्या, आसपास पोचता. म्हणजे नुसत्या सुरुवातीसाठी ५० एमएम विकत घ्यायचीही गरज नाही. तीच लेन्स १८ वर ठेवली तर फोकसची जागा काचेला चिकटून किंवा काचेच्या आत जाते आणि काहीच स्पष्ट दिसत नाही. ट्यूब खराब निघाली म्हणून परत पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी फक्त झूम फिरवायचं राहिलं होतं, देव जाणे.

मोबदला प्रकाशात द्यावा लागतो. एकास एकला एफ ८ हे प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं, म्हणजे दोन स्टॉप गेले, प्रकाश पावपट राहिला. कॅमेऱ्याचं मीटर हे आपोआप सांभाळून घेतं, पण शटर संथ होतं. त्यात एफ १६ लावून स्पष्टता वाढवायला गेलात तर परिणामी एफ ३२ होतं आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळं चित्र मऊ पडतं. एपीएस-सी सेन्सरवर एकास एकला एफ ८, अर्ध्या मॅग्निफिकेशनला एफ ११. याच्या पुढे जायचं नाही. खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा, किती मिळते? एकास एकला एफ ८ वर जेमतेम ०.६ मिमी. अर्ध्यावर एफ ११ ला अडीच मिमी. हा फरक डोक्यात ठेवा, कासला तोच कामाला येतो.

कासला आधी जागेचा नियम बघा. पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, हंगामात प्रवेशशुल्क आहे, आणि आखून दिलेली वाट सोडून फुलांत पाय टाकायचा नाही. ५० एमएमवर ३६ ची ट्यूब लावल्यावर लेन्सच्या पुढच्या काचेपासून फूल सात-आठ सेंटिमीटरवर यावं लागतं. सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद हे काही तुमच्या सोयीने वाटेला लागून उगवत नाहीत. मग माणूस एक पाय आत टाकतो, मग गुडघा टेकतो, आणि उठतो तेव्हा मागे चपटं झालेलं गवत आणि त्याखाली चिरडलेली दहा-वीस फुलं राहतात. फोटो चांगला आला तरी हा व्यवहार तोट्याचा.

शिवाय तिथे एकास एक लागतंच कुठे? कॅननचा एपीएस-सी सेन्सर २२.३ मिमी रुंद. एकास एकला चौकटीत सव्वादोन सेंटिमीटर जागा मावते. सीतेची आसवे हे फूल सेंटिमीटरभराचं, कवल्याचं पिवळं फूल त्याहून थोडं मोठं. अर्ध्या मॅग्निफिकेशनला साडेचार सेंटिमीटर रुंद चौकट मिळते, त्यात फूल, देठ आणि मागचा निळा-जांभळा धूसर गालिचा सगळं बसतं. एकास एकला मिळते ती फक्त पाकळी, आणि तीही अर्धी फोकसबाहेर.

म्हणून कासला ट्यूब ५५-२५० सारख्या लांब लेन्सवर लावायची. कॅनन ५५-२५० एसटीएमचं स्वतःचं मॅग्निफिकेशन ०.२९. त्यावर ३६ ने ०.४३ आणि ६८ ने ०.५६ पर्यंत पोचता, आणि फूल हातभर किंवा त्याहून लांब राहतं. वाटेवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून काम होतं. पार्श्वभूमीही सुरेख विरघळते. मात्र इथेच ट्यूबची मर्यादाही उघडी पडते: लांब लेन्सवर ट्यूबचा परिणाम घटतो, कारण भागाकारात खाली २५० आहे. लांब लेन्सवर खरा मान क्लोज-अप काचेचा. पुढे फिल्टरसारखी बसणारी २ डायऑप्टरची (काचेच्या ताकदीचं माप) काच २५० वर थेट ०.५ देते, फूल अर्ध्या मीटरवर, आणि प्रकाश अजिबात जात नाही. रेनॉक्सची डीसीआर-१५० ही ४.८ डायऑप्टरची आहे, तिने २५० वर एकास एकच्याही पुढे जाता येतं, फूल वीतभर अंतरावर. ती ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर आट्यांवर चिमट्यासारखी बसते, त्यामुळे पावसात लेन्स काढावी लागत नाही. मात्र चार काचांचा पाच-सातशेचा संच येतो त्यातली १० नंबरची एकेरी काच टाळा. कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि कोपरे विरघळतात. फक्त कासच करायचं असेल, तर ट्यूबऐवजी दुहेरी काचेची क्लोज-अप लेन्स घ्या. हे ट्यूबच्या परीक्षणात लिहिणं विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे.

पठारावर दुसरा शत्रू वारा. साधा हिशोब करा: झुलणारं फूल सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकतंय, मॅग्निफिकेशन अर्धं, शटर १/५००. सेन्सरवर प्रतिमा ०.०५ मिमी घसरते, २४ मेगापिक्सेलवर तेरा पिक्सेल. म्हणजे १/५०० लाही फोटो हलतो! आयएसओ वाढवत बसण्यापेक्षा झोक्याच्या टोकाला, जिथे फूल उलट फिरण्याआधी क्षणभर थांबतं, तिथे शटर दाबा. पाच-सहा फ्रेमच्या बर्स्टमध्ये एक हमखास सापडते. साताऱ्यात छत्री हातात असतेच, ती वाऱ्याच्या बाजूला जमिनीलगत धरायला सोबत्याला सांगा. ट्रायपॉड अरुंद वाटेवर गर्दीला आडवा येतो, नेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कापडी थैलीत शिवलेले किलोभर मूग कॅमेरा टेकवायला जास्त कामाचे.

ट्यूब लावायची ती यवतेश्वरचा घाट चढण्याआधी, खाली साताऱ्यातच. पठारावर भुरभुर चालू असताना बॉडी उघडणं म्हणजे सेन्सरला दमट हवेचं आमंत्रण. गाडीत एसी लावून गेलात तर उतरल्याबरोबर काच आतून-बाहेरून घामेजते; शेवटचे काही किलोमीटर एसी बंद, काचा खाली.

रंगांचं एक सांगायला हवं. तेरड्याचा गुलाबी-जांभळा आणि कवल्याचा पिवळा, दोन्हींत लाल चॅनेल सगळ्यात आधी फाटतो (तपशील उडतो), आणि कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं आलबेल दाखवतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ठेवा, रॉमध्ये टिपा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला की सीतेची आसवे फ्रेम-फ्रेमला वेगळ्या निळ्या दिसतात. ढगाळ हवेत ६००० केल्व्हिनवर बांधून टाका. घरी डार्कटेबलमध्ये, जे फोटो सुधारण्याचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आधी लाल चॅनेल सांभाळून एक्स्पोजर उचला आणि मग कॉन्ट्रास्ट. सॅच्युरेशनला हात लावायची गरज जवळजवळ पडत नाही. लोक तरी लावतात, आणि कासचं पठार लग्नाच्या मंडपासारखं दिसायला लागतं.

आता तासगाव. इथे ५० एमएम आणि ६८ मिमीची पूर्ण ट्यूब हीच जोडी, आणि इथे ती पैसे वसूल करते. बागायतदाराला सल्लागाराकडे फोटो पाठवायचा असतो: थ्रिप्स (फुलकिडे) आहे का, मिलीबगची (पिठ्या ढेकणाची) पिल्लं आहेत का, पानाखालची पांढुरकी बुरशी डाऊनीच (केवडा) आहे का. मोबाइलवर थ्रिप्स म्हणजे एक पिवळट रेघ. हा किडा मिलिमीटरभराचा. दीड मॅग्निफिकेशनला तो सेन्सरवर दीड मिमी होतो, म्हणजे चारशेच्या आसपास पिक्सेल लांब. पाय, शिंगं, कडेला झालर असलेले पंख वेगळे ओळखता येतात. घड पांढऱ्या कागदावर झटकायचा किंवा पान तोडून आणायचं, आणि काम टेबलावर करायचं. वारा नाही, वाटेचा नियम नाही, सात सेंटिमीटर अंतराची अडचण नाही. डाऊनीसाठी प्रकाश पानाच्या पातळीत, अगदी आडवा एका बाजूने टाका. बुरशीचे धागे सावलीमुळे उठून दिसतात, समोरून टाकला तर सगळं सपाट. एलईडी दिव्याखाली १/२०० ला फोटोत आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही, दिवा लुकलुकतोय; १/५० किंवा १/२५ वर या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

३६ वर ५० एमएमची फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी मॅग्निफिकेशन ०.७२ ते ०.९३ एवढंच बदलतं. म्हणजे ऑटोफोकस नुसता कुरकुरत राहतो. मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, आणि कॅमेरा किंवा वस्तू पुढे-मागे सरकवा.

दीड मॅग्निफिकेशनला खोली ०.३४ मिमी. एका फ्रेममध्ये थ्रिप्सची पाठ येते, पाय नाहीत. मग वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेमा एकावर एक रचून एक फोटो करायचा, आणि त्यासाठी दर फ्रेमला पाव मिलिमीटर सरकवणारी रेल लागते. ती घरी होते. हार्डवेअरच्या दुकानातून ड्रॉवरची दहा इंची टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी, ३० सेंमी एम ६ चा थ्रेडेड रॉड, दोन नट आणि १२ मिमी प्लायचे दोन तुकडे आणा. एम ६ च्या साध्या आट्याची पिच बरोबर १ मिमी असते, म्हणून रॉडचा पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी आणि पाव फेरा म्हणजे आपल्याला हवा तो पाव मिमी. चॅनेल खालच्या प्लायवर समांतर ठोका, वरचा प्लाय त्यावर, त्याच्या खाली लाकडी ठोकळ्यात एक नट एम-सीलने बसवा, रॉड त्यातून घाला. दुसरा नट खालच्या प्लायला उभ्या केलेल्या पट्टीशी रॉड मागे-पुढे सरकू नये म्हणून. रॉडच्या टोकाला बाटलीचं झाकण, त्यावर मार्करने चार खुणा. या रेलवर कॅमेरा नाही, पान ठेवायचं. हलकी वस्तू सरकवली की थरथर कमी.

यात हमखास दोन गोष्टी बिघडतात. स्वस्त चॅनेलला बाजूला खेळ असतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम थोडी तिरकी जाते. वरच्या प्लायला एका बाजूने रबर ताणून बांधा म्हणजे तो सतत एकाच कडेला टेकून राहतो. दुसरं, उलट फिरवताना नटाचा ढिलेपणा आड येतो, पाव फेरा फिरतो पण प्लाय हलत नाही. म्हणून विषयाच्या पुढच्या टोकाच्याही अलीकडून सुरुवात करा आणि फक्त एकाच दिशेला फिरवा. दहा-बारा फ्रेमा थ्रिप्सला पुरतात. त्या ह्युगिन या फोटो जोडण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या फुकट साधनांनी आधी एकमेकांवर बसवायच्या, मग फ्रेमा एकत्र करणाऱ्या एन्फ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं वजन शून्य, कॉन्ट्रास्टचं एक, आणि हार्ड मास्क चालू. कडांना भुताटकीसारखी दुहेरी रेघ दिसली तर फ्रेमांतलं अंतर जास्त झालंय किंवा किडा जिवंत आहे. जिवंत असेल तर कागदासकट पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, सुस्तावतो.

फ्लॅशचंही इथेच. ट्यूब आणि लेन्स मिळून पुढे इतकी येते की पॉप-अप फ्लॅशचा प्रकाश लेन्सच्याच डोक्यावरून जातो आणि खालचा भाग काळा राहतो. उपाय पुठ्ठ्याचा बोगदा. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, मागचं तोंड ८ बाय ४ सेंमी, पुढचं १५ बाय १२. पूर्ण ६८ मिमीची ट्यूब असेल तर लांबी १७-१८ सेंमी, नुसत्या ३६ ला १४ पुरते. आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल, चुरगळून पुन्हा सपाट केलेली. पुढे ट्रेसिंग पेपरचे दोन थर, पण एकमेकांना चिकटवलेले नाहीत, मध्ये दोन सेंटिमीटर मोकळी जागा. पहिला थर प्रकाश पसरवतो, दुसरा तो एकसारखा करतो. चिकटवले की मधोमध तेजस्वी डाग उरतो आणि तो दवाच्या थेंबात, किड्याच्या पाठीवर जसाच्या तसा उमटतो. प्रकाश बराच अडतो, म्हणून फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक १ पासून सुरू करा. शटर १/२००, एफ ८, आयएसओ २०० ते ४००. पार्श्वभूमी अगदी काळी ठिक्कर पडत असेल तर मागे हिरवं पान ठेवा, एवढंच. कागद दिव्याला टेकता कामा नये, आणि लागोपाठ फ्लॅश मारत सुटू नका, तापून स्वतःच बंद पडतो.

संच घरी आला की परतीची मुदत संपायच्या आत काय बघायचं? प्रथम आतली भिंत. मोबाइलचा टॉर्च तिरका टाका. नळी आतून चकाकत असेल तर उजेडाकडे फोटो काढताना दुधाळ झाक येणार. हा दोष स्वस्त ट्यूबमध्ये सर्रास असतो आणि दुरुस्तही होतो: काळा मखमली कागद पट्टी कापून आत चिकटवायचा, पिनांपासून आणि अ‍ॅपर्चरच्या दांडीपासून लांब. मग तिन्ही ट्यूब एकत्र जोडून लेन्स लावा आणि हळूच हलवा. थोडा खेळ चालतो. लेन्सचं तोंड खाली झुकत असेल तर परत करा, एका कडेला कायम फोकस सुटेल. प्लास्टिकच्या बायोनेटपेक्षा (लेन्स अडकते ती कडी) धातूचं घ्या, ५५-२५० लटकवायची असेल तर नक्कीच.

कॅननवाल्यांनी ट्यूबवरचा पांढरा चौकोन बघावा. तो नसेल तर ट्यूब फक्त ईएफसाठी आहे आणि तुमची १८-५५ किंवा ५५-२५०, ज्या ईएफ-एस (कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीच्या) आहेत, त्या तिच्यावर बसणारच नाहीत. मिररलेससाठी आरएफ, झेड, ई माउंटच्या ट्यूब वेगळ्या. अ‍ॅडॉप्टर असेल तर जुन्या चालतात. स्क्रीनवर ‘एरर ०१’ आली म्हणजे कॅमेरा आणि लेन्सचं बोलणं तुटलंय: पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा, एखादी पिन आत दबून अडकली आहे का ते बोटाने नाही, लाकडी काडीने तपासा. पुसूनही येत असेल तर ट्यूब एकेक करून लावा. तिघांत दोषी एकच असते. काढताना मात्र आधी लेन्स, मग ट्यूब. प्रत्येक नळीला स्वतःची कळ आहे, घाईत भलतीच दाबली की लेन्स नळीसकट हातात येते, आणि नेहमीच हातात येते असं नाही.